आपल्याच वाडीत गैरहजर

पारूला राग असा फारसा येत नसे. रागावायला समोरचा माणूस निदान आपल्या तोलाचा लागतो, आणि सह्यकुंज कॉलेजात दोन वर्षं काढून तिला तशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही भेटली नव्हती. त्यामुळे ती गप्प बसे आणि बघत राही. तिच्या त्या बघण्याचा हरेश सरांना त्रास होई. एकदा ते वर्गात म्हणालेही, "तू अशी बघत नको जाऊ गं माझ्याकडे. मला वाटतं माझ्या शर्टाला काहीतरी लागलंय."

कडावच्या भातखाचरांच्या वर, डोंगराच्या सोंडेवर एक्केचाळीस घरांची ठाकरांची वाडी आहे. पारू तिथली. बाप बुधाजी खालच्या फार्महाऊसवर गवंड्याच्या हाताखाली, आई चिमा रानभाजीची पाटी घेऊन कर्जतच्या बाजारात. पारू आश्रमशाळेत शिकली, कर्जतला बारावी सायन्स झाली. लहानपणापासून चिमाच्या मागे रानात फिरून तिला झाडझाडोऱ्याची नावं पाठ होती. पुस्तकात त्यांचीच दुसरी नावं सापडल्यावर तिला सोयऱ्यांच्या घरी आल्यासारखं वाटलं. वनस्पतिशास्त्र घ्यायचं, ते तेव्हाच ठरलं.

पण सह्यकुंज कॉलेजात वनस्पतिशास्त्र दुसऱ्या वर्षापर्यंतच होतं. तिसऱ्या वर्षाची मंजुरी दर साली "आलीच" असे आणि दर साली येत नसे. म्हणून पारूने पुण्याच्या एका कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला अर्ज केला. गुणांवर जागा मिळाली, मुलींच्या वसतिगृहातली खाटही मिळाली. अट एकच होती. दोन वर्षांचे मिळून अठ्ठ्याऐंशी क्रेडिट पाच जुलैच्या आत तिच्या खात्यात जमा दिसले पाहिजेत. एक कमी असला तरी जागा खालच्या नंबराला जाणार.

आता पदवी विज्ञानाची असली, तरी नुसतं विज्ञान शिकून भागत नाही. नवा नियम असा, की मुलांना सगळ्याची ओळख हवी. नियम वाईट नव्हे. विज्ञानवाल्याने थोडं वाणिज्य शिकावं, मूल्यशिक्षण घ्यावं, आपल्या देशाची जुनी विद्या जाणावी, लोकांत जाऊन काम करावं. कागदावर वाचलं तर पोथीतल्या फलश्रुतीसारखं मन प्रसन्न होतं. सह्यकुंज कॉलेजात या सगळ्या प्रसन्नतेचं कंत्राट हरेश सरांकडे होतं.

हरेश सरांचा मूळ विषय कोणता, हे कोणालाच सांगता येत नसे. ज्या विषयाला माणूस मिळत नसे तो त्यांचा. वाणिज्याची ओळख म्हणून ते इव्हेंट मॅनेजमेंट शिकवत, कारण त्यांच्या मेव्हण्याचा मंडपाचा धंदा होता. मूल्यशिक्षणाच्या तासाला भिंतीवर चित्रफीत लावून ते बाहेर फोनवर बोलत उभे राहत. देव्हाऱ्यासमोर मोबाइलवर आरती लावावी आणि घरच्यांनी स्वयंपाकघरात चहा प्यावा, तसा तो तास. पोरंही त्याच भक्तीने बसत. हजेरी झाली की मागच्या दाराने वर्ग पाझरू लागे.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासाला त्यांनी एकदा पडद्यावर औषधी झाडं दाखवली. 'हिरडा' असं लिहून खाली चित्र होतं बेहड्याचं. पारूचा हात वर गेला.

"सर, हा बेहडा आहे."

"काय फरक पडतो? दोन्ही त्रिफळ्यातच जातात ना?"

वर्ग हसला. पारू म्हणाली, "परीक्षेत चित्र आलं तर काय लिहायचं?"

"स्लाइडवर जे आहे ते. उत्तरसूची स्लाइडवरूनच बनते."

परीक्षेत ते चित्र आलं. पारूने बेहड्याखाली हिरडा लिहिलं आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले. घरी येऊन तिने ते चिमाला सांगितलं, तेव्हा चिमा भाजी निवडता निवडता थांबली. "खोटं लिवलंस?"

"त्यांना तेच हवं होतं, आये."

"त्यांना पायजेल, म्हनून झाड बदललं व्हय गं?" एवढंच म्हणून चिमा पुन्हा भाजी निवडू लागली. पारूला त्या दिवशी पहिल्यांदा हरेश सरांबरोबर स्वतःचीही किळस आली.

चौथ्या सत्रात दोन क्रेडिटचा समाजसहभाग प्रकल्प होता. गावात जायचं, लोकांचं जिणं समजून घ्यायचं, अहवाल लिहायचा. सरांनी पारूला बोलावून घेतलं. आवाजात एकदम साय.

"पारू, तुमच्याच वाडीवर ठेवू या का? आदिवासी वाडी म्हटली की तपासणी समितीवर छाप चांगली पडते. लोकांना सांगून ठेव. आणि जेवणाचं बघ काहीतरी. पोरं दमून येतील."

माघ महिना होता, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. वाडीने पोपटी लावायची ठरवली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, कांदे, बटाटे, तोंड पाल्याने बंद, आणि उलट्या मडक्याभोवती पेंढ्याचा जाळ. चव्वेचाळीस पोरं येणार म्हणून सहा मडकी, आणि वर तांदळाच्या भाकऱ्या. पाहुणा दारात आला की आधी पाणी, मग भाकर, मग बोलणं, ही वाडीची रीत. त्यात घरची पोर कॉलेजातून पाहुणे आणतेय. तिने पहाटे उठून, डोंगर उतरून, टमटम आणि मग एसटी करून चौक गावाच्या पलीकडे कॉलेजात जायचं, तिथून कॉलेजच्या बसमध्ये बसायचं आणि त्याच रस्त्याने पुन्हा आपल्याच वाडीत यायचं, हा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही. येणार कसा? पारू घरी राहिली आणि भाकऱ्या थापत बसली.

बस दहाला यायची ती साडेबाराला आली. चौकला मिसळ खायला थांबली होती. तिथे नऊ जण उतरले ते "परतताना घ्या" म्हणून ढाब्यावरच राहिले. डोंगराच्या पायथ्याला बस थांबली, तेव्हा चढण बघून आणखी सोळा जणांचे पाय दुखायला लागले. वर पोचले एकोणीस. त्यांत रुचिता होती, पारूच्या बाकावर बसणारी कर्जतची मुलगी. येताच ती म्हणाली, "रोज चढतेस हे? बाई गं! मला तर देव आठवले."

"आठवले ना? मग तेवढं तरी पुण्य झालं," पारू म्हणाली आणि तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

हरेश सर धापा टाकत पोचले, ते पाणीही न घेता बॅनर बांधायला लागले. 'एक दिवस आदिवासी बांधवांसोबत'. दोन जांभळींच्या मध्ये तो ताणून झाल्यावर त्यांनी एका पोराकडून खोकं उघडवलं. आत धूर न करणारी लोखंडी चूल. एकच.

"बायांनो, रांगेत या. एकेकीने चूल हातात धरायची, माझ्याकडे बघायचं, हसायचं."

चिमाने चूल धरली, फोटो झाला. मग सोनुबाईने धरली, फोटो झाला. चूल हातोहात फिरत होती, बारशाच्या बाळासारखी. सहा बायका झाल्या आणि सर इकडेतिकडे बघू लागले.

"यादीत सात आहेत. सातवी कुठंय?"

"बाकीच्या कामावर गेल्यात," चिमा म्हणाली.

सरांची नजर पारूवर गेली. ती हाताचं पीठ पुसत उभी होती, आईचं लुगडं नेसलेली. "चल, तूच धर गं. घाई आहे, उजेड चांगलाय तोवर."

पारूने चूल धरली. हसली नाही. फोटो झाला.

चूल पुन्हा खोक्यात जाऊ लागली तशी चिमा पुढे झाली. "सायेब, ही ठेवायची ना हितं?"

"पुढच्या टप्प्यात, मावशी. हा पहिला टप्पा आहे."

पोपटी दोन मडकी खपली. चार मडक्यांतलं वाडीने दोन दिवस खाल्लं. पोरांनी कोणाला काही विचारलं नाही. एकाने फक्त विचारलं, की इथे रेंज कुठे येते. बुधाजी संध्याकाळी कामावरून आला, उरलेल्या भाकऱ्यांची चवड बघितली आणि म्हणाला, "शिकायला आली व्हती का फोटो काडाया?"

"तेच शिकायचं असतं, बाबा," पारू म्हणाली.

जूनमध्ये निकाल लागला. वनस्पतिशास्त्रात ती पहिली, रसायनात तिसरी. समाजसहभाग प्रकल्पापुढे एकच शब्द होता, गैरहजर. खात्यात शहाऐंशी क्रेडिट.

कॉलेजच्या खिडकीत भाविका मॅडम होत्या. ऑफिसातली सगळी रजिस्टरं त्यांच्या ताब्यात. त्यांनी हजेरीपत्रक काढून त्यावर बोट फिरवलं.

"सही नाय तुझी."

"मॅडम, मी वाडीत होते. वाडी माझीच आहे."

"हजेरी बसमध्ये घेतली सरांनी. तू बसमध्ये का नव्हतीस?"

"बस वाडीलाच येत होती. मी वाडीतच होते."

"म्हणजे बसमध्ये नव्हतीस." भाविका मॅडमनी रजिस्टर मिटलं. कोर्टाचा निकाल लागल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

"जे चौकला ढाब्यावर राहिले त्यांचं काय?"

"ते बसमध्ये होते ना चौकपर्यंत!"

पारूने त्यांच्याकडे बघितलं. भाविका मॅडमनी पदर सारखा केला.

हरेश सरांनी तिला केबिनमध्ये खुर्ची दिली. कोपऱ्यात तीच लोखंडी चूल होती, तिच्यावर फायलींचा ढीग.

"हे बघ, माझं मन मोठं आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी कर प्रकल्प."

"पुढच्या वर्षी पुण्याची जागा राहणार नाही, सर."

"मग असं कर. त्या दिवशी आजारी होते असा अर्ज दे. प्राचार्यांकडून फेरपरीक्षा लावून घेतो."

"आजारी नव्हते. भाकऱ्या थापल्या मी. तुम्ही तीन खाल्ल्या."

सर हसले. "भाकरीला क्रेडिट नसतं गं."

पारूने अर्ज दिला, पण त्यात खरं तेच लिहिलं. मी त्या दिवशी वाडीत हजर होते, माझी परीक्षा घ्यावी. प्राचार्यांना आलेला अर्ज वाचायची सवय नव्हती. त्यांनी कोपऱ्यात 'लेखी परीक्षा घ्यावी' असं लिहून सही ठोकली. तारीख पडली एक जुलै. खिडकीत ती नोंदवताना भाविका मॅडम सहज बोलून गेल्या, "उत्तरपत्रिका नीट लिही हो. पास हो नाय तर नापास, ती अहवालाच्या फायलीला लावावी लागते. पंधरा दिवसांनी तपासणी समिती येतेय, तीच फाइल बघणारे."

परीक्षेच्या दिवशी सर स्वतः अहवाल घेऊन आले. गुळगुळीत कव्हर, आत रंगीत फोटो. "तासभर वाच. यातलेच प्रश्न आहेत. हिरडा आठवतो ना? तसंच लिही आणि जा पुण्याला. मलाही आनंदच आहे."

पारू वाचू लागली. वाडीत बासष्ट घरं. तीन विहिरी. मुख्य व्यवसाय मासेमारी. डोंगराच्या सोंडेवर मासेमारी! कुठल्या तरी खाडीकाठच्या गावाचा अहवाल उचलून त्यावर वाडीचं नाव चिकटवलेलं होतं, तेही चुकीचं. पुढे लिहिलं होतं, की चव्वेचाळीस विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन चर्चा केली, सात महिलांना सात चुली दिल्या, महिलांच्या डोळ्यांत अश्रू तरळले. शेवटच्या पानावर सात फोटो, खाली नावं. चिमा, वय पन्नास, निरक्षर. सोनुबाई, वय साठ, निरक्षर. आणि सातवी, पारू, वय अंदाजे तीस, निरक्षर.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. याच माणसाने दोन वर्षं तिचे पेपर तपासले होते.

प्रश्नपत्रिका हातात आली. वाडीत घरं किती? पाण्याची सोय कशी आहे? लोकांचा व्यवसाय सांगा. लाभार्थ्यांच्या शैक्षणिक स्थितीचे वर्णन करा.

पुणं हाताशी होतं. बासष्ट, तीन, मासेमारी, निरक्षर. चार शब्दांत दोन क्रेडिट. एकदा हिरडा लिहिलाच होता, आणखी एकदा लिहून कोणतं आभाळ कोसळणार होतं? पारूचं पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. झाड बदललं व्हय गं, असं चिमा तिथे असती तर म्हणाली असती. इथे तर झाड नव्हे, चिमाच बदलायची होती.

मग ती लिहू लागली. घरं एक्केचाळीस, मालकांच्या नावांसकट. विहीर एक, ती चैत्रात आटते, मग पाणी खालच्या झऱ्यावरून. व्यवसाय मजुरी, थोडी नाचणी, रानभाजी. मासे बाजारातून आणतात. वाडीवर आलेले विद्यार्थी एकोणीस. चूल एक, सातजणींच्या हातून फिरून परत नेली, सध्या सरांच्या केबिनमध्ये फायली ठेवण्याच्या उपयोगी. लाभार्थी क्रमांक सात हिचं वय वीस, शिक्षण याच कॉलेजात विज्ञान शाखेचं दुसरं वर्ष. खाली तिने आपला हजेरी क्रमांक लिहिला.

सरांनी उभ्याउभ्याच उत्तरपत्रिका वाचली. पहिल्या पानावर कपाळाला आठ्या, दुसऱ्या पानावर कपाळाला घाम.

"हे काय लिहिलंयस तू?"

"वाडी."

"अहवालाशी एक उत्तर जुळत नाही. मला नापास करावं लागेल तुला!"

"करा ना, सर," पारू म्हणाली. आवाज तिने खाली ठेवला. "नापास झाले तर चार दिवसांनी माझी जागा जाईल. मी हातावरच्या पोटाची माणूस, जाईन भाजी विकायला. पण पेपर फाइलला लागेल. भाविका मॅडम म्हणाल्या, समिती तीच फाइल बघणार आहे. अहवाल आणि माझा पेपर शेजारी शेजारी."

हरेश सर खुर्चीत बसले. ज्या माणसाने बासष्ट घरं, तीन विहिरी आणि डोंगरावरचे मासे न लाजता छापले, त्याला दोन पानांची भीती वाटावी! पारूला दया येईल की काय असं क्षणभर वाटलं, पण आली नाही. एखाद्याने सत्यनारायण घालावा, पूजा न करता नुसता प्रसाद वाटावा, आणि कोणी "कथा कुठंय?" विचारलं की घाबरून घंटा वाजवत सुटावं, तसं ते तोंड दिसत होतं.

ते उत्तरपत्रिका घेऊन प्राचार्यांकडे गेले. दहा मिनिटांनी परतले तेव्हा हातात उत्तरपत्रिका नव्हती, हजेरीपत्रक होतं.

"आमच्याकडूनच नजरचूक झाली असं दिसतं. तू हजर होतीस. परीक्षेची गरजच नव्हती. इथे सही कर, आत्ता क्रेडिट पाठवतो."

पारूने पत्रक बघितलं. नावाशेजारी एक रकाना होता, बसमध्ये चढल्याचं ठिकाण. बाकीच्यांनी लिहिलं होतं खालापूर, कर्जत, चौक. तिने सही केली आणि रकान्यात लिहिलं, चढले नाही, वाडीत होते.

सरांनी ते वाचलं. त्यांनी घाईघाईने शिक्का मारला. इतक्या घाईने, की तो अर्धा टेबलावरच उमटला.

"झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

"हो सर. एक राहिलं." पारू उठली, कोपऱ्यात गेली आणि चुलीवरच्या फायली एकेक करून जमिनीवर ठेवू लागली. "सातवी लाभार्थी मीच. अहवालात छापलंय तुम्ही. चूल नेते."

"अगं पण ती..."

सर वाक्य तरी काय पुरं करणार? चूल कॉलेजची म्हणावी तर अहवाल खोटा, वाटली म्हणावी तर पोरीची.

खिडकीसमोरून पारू लोखंडी चूल डोक्यावर घेऊन निघाली, तेव्हा रुचिता फी भरायला आली होती. ती ओरडली, "अगं, हे काय? रुखवत का गं?"

"दुसरा टप्पा," पारू म्हणाली.

एसटीत कंडक्टरने चुलीला जागा नाही म्हणून कटकट केली, टमटमवाल्याने ती टपावर बांधली, आणि पुढे डोंगर तिने पायी चढला. दारात चिमा वाल निवडत बसली होती. लेकीच्या डोक्यावरचं ओझं बघून ती उठली आणि खाली उतरवायला हात लावला.

"पास झाली का गं?"

"क्रेडिट पाठवतो म्हणाले. चार तारखेपर्यंत दिसतील."

"आन् त्या सायबाचा पुढचा टप्पा आला म्हन की!" चिमा चुलीभोवती एक फेरी मारून म्हणाली.

"आला नाही, आये. आणायला लागला."

चार तारखेला खात्यात अठ्ठ्याऐंशी दिसले. पारू पुण्याला निघाली त्या सकाळी चिमाने मुद्दाम त्या लोखंडी चुलीवर चहा ठेवला. फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले, झोपडीभर धूर भरला, बुधाजी खोकत बाहेर गेला. शेवटी चिमाने भांडं उचलून नेहमीच्या तीन दगडांवर ठेवलं.

"सायबासारखीच हाय गं ही," ती डोळे पुसत म्हणाली. "नाव येक न् काम दुसरं. कोंबडी बसव हिच्यात."

पारू चहा पिऊन डोंगर उतरू लागली तेव्हा कोंबडी चुलीत जाऊन बसलीही होती.